विरहाच्या गाण्यांवरून फ्रेंच शब्द पाठ होतात का?

जवळपास फ्रेंचचा क्लास नाही, तर प्रेमाची आणि ब्रेकअपची गाणी ऐकून शब्द वाढतील का, असं तुम्ही विचारलंय. वाढतात, पण एकाच कप्प्यातले.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात राहतो. शेतीची लाइन इकडे बरेचदा रात्रीच येते, मग हरभऱ्याचं ओलित करताना जागणं आलंच. वावरात रेंज नसते, म्हणून गाणी घरूनच डाउनलोड करून न्यायची. माझं बरंचसं फ्रेंच असंच झालं.

सुरुवात ज्याक ब्रेल या बेल्जियन गायकाच्या 'न म कित पा'पासून करा. १९५९ चं गाणं आहे, अर्थ 'मला सोडून जाऊ नकोस'. चाल संथ, उच्चार स्वच्छ, आणि हीच ओळ इतक्यांदा येते की फ्रेंच नकार तोंडात बसतो: क्रियापदाच्या आधी 'न', नंतर 'पा', आणि 'मला' म्हणजे 'म' त्यांच्या मधे. फक्त एक बघा. 'कित'च्या शेवटी जो मुका स्वर आहे, तो गाण्यात मात्रा भरायला म्हणतात. रोजच्या बोलण्यात तो गळतो. बोलताना लोक पहिला 'न'सुद्धा खाऊन टाकतात. त्यामुळे गाण्यातला उच्चार जसाच्या तसा उचलू नका.

आधी ओळी न बघता ऐका आणि कानावर पडेल ते देवनागरीत लिहा. मग खरं स्पेलिंग शेजारी ठेवा. शेवटची किती अक्षरं नुसती शोभेला आहेत ते लगेच दिसतं. नाम लिहिताना त्याच्या आधी येणारं 'ल' (पुल्लिंगी) किंवा 'ला' (स्त्रीलिंगी) सोडू नका, कारण मराठीतलं लिंग तिथे चालत नाही. आपला चंद्र तो, त्यांची 'ला ल्यून' ती.

जाणं, परतणं, रडणं, विसरणं, माफी मागणं हे सगळं या गाण्यांत भरपूर मिळेल. भूतकाळ तर फुकटात. तिकीट, भाव, पत्ता, घड्याळातली वेळ मात्र मिळणार नाही, आणि डेल्फ ए-वनच्या, म्हणजे फ्रेंचच्या प्राथमिक पातळीच्या परीक्षेत नेमकं तेच लागतं. त्यासाठी पुस्तक घ्याच.

शिवाय प्रेमगीतांत बहुतेक सगळा कारभार 'त्यु'वर, म्हणजे अरेतुरेवर चालतो. 'वू'ची, म्हणजे 'तुम्ही'ची क्रियापदं वेगळी घोटून ठेवा, नाहीतर तोंडी परीक्षेत परीक्षकालाच 'काय रे, कसा आहेस' विचारून बसाल.