जुनं पीएचपी: पाडून बांधायचं की डागडुजी?

प्रश्न: आमचं ओपन सोर्स वेब ॲप पंधरा वर्षं जुनं आहे, अजून पीएचपी या वेब प्रोग्रामिंग भाषेच्या ५.६ या जुन्या आवृत्तीवरच चालतंय. सगळं नव्याने लिहून काढावं का?

उत्तर: नको! नवं लिहिता लिहिता वर्षं जातात, तोवर जुन्यात बग येतच राहतात आणि फुकट काम करणारी मंडळी दोन्हीकडे पुरत नाहीत. पण ५.६ चे सिक्युरिटी अपडेट २०१८ अखेरच बंद झालेत, त्यामुळे हलायला तर हवंच. आधी लॉगिन, सेव्ह, सर्च एवढ्याच्या तरी टेस्ट लिहा. मग डेटाबेसशी बोलणारी जुनी mysql_ वाली फंक्शन्स शोधा, ती ७.० मध्ये काढूनच टाकलीत, तिथे पीडीओ (त्याच कामाची पीएचपीतली दुसरी सोय) आणा.

खरी गोची मात्र ८.० ला. शून्य आणि 'हो' हा शब्द, यांची == ने तुलना केली तर आधी खरं यायचं, आता खोटं येतं, आणि एरर वगैरे काही नाही, गुपचूप! पीएचपीस्टॅन (कोड न चालवता त्यातल्या चुका शोधणारं टूल) लावा, पहिल्या दिवशी हजारो चुका दाखवेल, घाबरू नका, त्या बेसलाइनमध्ये (तूर्त दुर्लक्ष करायच्या जुन्या चुकांच्या यादीत) टाका आणि नव्या कोडपुरतं कडक राहा. रेक्टर हे टूल जुना कोड बरंच आपोआप बदलून देतं, पण डिफ (काय काय बदललं त्याची यादी) वाचल्याशिवाय ते बदल मुख्य कोडमध्ये मर्ज केलेत तर रात्री तुम्हीच जागाल.