आनंदाची हजेरी कोण घेतंय?

ताई,

मी नाशिकची, वय ३१. सातपूरच्या एका कंपनीत अकाउंट्सला आहे. थोरली लेक पावणेतीन वर्षांची, धाकटा साडेचार महिन्यांचा. बाळंतपणाच्या रजेचे पाच आठवडे उरलेत. नवऱ्याला दुसरी पाळी असते, तो रात्री साडेबाराला घरी येतो. सासूबाई जमेल तेवढं करतात, पण त्यांचे गुडघे साथ देत नाहीत. घरी येणारं प्रत्येक माणूस एकच सांगतं, “हे दिवस परत येत नाहीत गं, डोळे भरून बघून घे.” आणि माझा दिवस जातो दुपटी धुण्यात, दूध पाजण्यात, फरशीवरची भाताची शितं वेचण्यात. एकाला झोपवलं की दुसरी त्याला उठवते. संध्याकाळी मी घड्याळाकडे बघत बसते, कधी एकदा दोघं झोपतात. आणि झोपली की फोनमधले त्यांचेच फोटो बघून रडते, आजचाही दिवस वाया घालवला म्हणून. परवा थोरली म्हणाली, “बाळाला दवाखान्यात पलत देऊन ये.” मला हसू आलं नाही, मी तिच्यावर ओरडले. इतकी गोड मुलं आहेत आणि मला क्षण जगता येत नाहीत. मी वाईट आई आहे का? रजा बिनपगारी वाढवून घेऊ का?

एक आई

---

वयाने लहान आहेस, म्हणून अगंतुगं करते. दोन प्रश्न विचारलेस. पहिल्याचं उत्तर ‘नाही’, आणि त्यावर मी जास्त शाई घालवणार नाही. रजेचं शेवटी बोलू, त्यात हिशेब आहे आणि तो तुझ्याच खात्याचा विषय आहे. मधे जे लिहिलंस, क्षण जगता येत नाहीत म्हणून, ते आधी घेते.

‘डोळे भरून बघून घे’ म्हणणारी माणसं रात्री सलग झोपून आलेली असतात. तासभर बसतात, चहा घेतात, बाळाला मांडीवर घेतात आणि त्याने शी केली की तुझ्या हातात देतात. त्या तासात तो खरंच गोड असतो. उरलेले तेवीस तास तुझ्याकडे. शिवाय पंचवीस वर्षांनंतर त्या बायांना आठवतो तो टाळूला लावलेल्या तेलाचा वास. पोट दुखतंय म्हणून पहाटे तीनला पोराला खांद्यावर टाकून घातलेल्या येरझारा विसरायला झालेल्या असतात. त्या खोटं बोलत नाहीत. पण त्यांच्या निवडक आठवणींशेजारी तू तुझा चालू मंगळवार ठेवतेस, आणि मग मंगळवार हरतो.

मागच्या पिढीच्या आईला कामाचा रगाडा होता, सासुरवास होता, सगळं होतं. पण ‘आज मुलाचा पुरेसा आनंद घेतलास का’ असं तिला कोणी विचारत नव्हतं. टाळू भरली, तीट लावली, तिन्हीसांजेला दृष्ट काढली, झालं. मूल आत्याच्या कडेवर आणि काकूच्या मांडीवर वाढायचं. आता घरातल्या मांड्या कमी झाल्या, आणि वर रोजच्या रोज आनंदाची हजेरी लावायचं काम आईच्या यादीत नव्याने चिकटलं. ते काम सोडून दे. त्याचा पगारही कोणी देत नाही.

आणि आता स्वतःचं पत्र पुन्हा वाच. ‘पलत’ लिहिलंयस तू. लेकीवर चिडलेली असतानाही तिचा ‘ल’ तुझ्या कानाने पकडला, जपून ठेवला आणि मला जसाच्या तसा लिहून पाठवला. क्षण जगणं म्हणतात ते एवढंच असतं गं. पाच-दहा सेकंदांचं, कामात मधेच घुसणारं आणि लगेच निसटणारं. अख्खा दिवस तसा कोणाचाच जात नाही, मुलं कितीही गोड असोत. तू वाया गेला म्हणतेस त्या दिवसातही असे चार-पाच तुकडे असतातच. रात्री तू ते मोजत नाहीस, घासायच्या भांड्यांबरोबर ढकलून देतेस. म्हणून एक वही कर, साधी, दूधवाल्याच्या हिशेबाची असते तसली. तिला फ्रिजवर ठेव. दिवसाला एक ओळ, तीही जमली तर. लेक काय चुकीचं बोलली, काय विचारलं, कशाला काय म्हणते. तिचा ‘र’ एक दिवस नकळत सरळ होईल आणि तेव्हा तू दारात रिक्षावाल्याला पत्ता सांगत असशील. वही असली की बरं.

फोटोंचं म्हणशील तर फोन थोडा लांब ठेव. २०१४ मध्ये लिंडा हेंकेल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लोकांना संग्रहालयात नेलं, काही वस्तूंचे फोटो काढायला सांगितले, काही नुसत्या बघायला. दुसऱ्या दिवशी फोटो काढलेल्या वस्तू कमी आठवल्या. पण जिथे वस्तूच्या एखाद्या भागावर कॅमेरा जवळ नेऊन फोटो काढायला लावला होता, तिथे आठवण शाबूत राहिली. म्हणून दोघांना शेजारी बसवून, “इकडे बघ, हास, हास” करत चाळीस फोटो काढण्यापेक्षा धाकट्याच्या अंगठ्याचा एक काढ. थोरलीने उलट्या घातलेल्या चपलांचा काढ. आणि झोपण्याआधी ते बघत बसू नकोस. दमलेल्या माणसाला स्वतःच्या मुलांचे फोटोसुद्धा आरोपपत्रासारखे दिसतात.

साडेचार महिन्यांच्या मुलात बघण्यासारखं काय असतं, तेही सांगते, कारण बाकीचे ‘गोड आहे’ म्हणून थांबतात. दीड-दोन महिन्यांचं बाळ माणसाकडे बघून हसायला लागतं आणि चौथ्या महिन्याच्या आसपास त्या हसण्याला आवाज फुटतो. आपल्याला हात आहेत हा शोध त्याला नुकताच लागलेला असतो. तो ते डोळ्यांसमोर धरून असा न्याहाळतो की जणू कोणी दुसऱ्यानेच आणून दिलेत. दूध पिता पिता थांबून मान वळवतो आणि तू वैतागतेस. बहुतेक वेळा तो बहिणीचा आवाज शोधत असतो. पैज लावते, घरात त्याला सगळ्यात जास्त हसवणारी तीच असणार.

दिवसातलं एकच काम निवड आणि ते सावकाश कर. मी असते तर अंघोळ निवडली असती. मानेच्या वळीत साचलेलं दूध पुसणं, मांड्यांना तेल चोळणं, टॉवेलमध्ये गुंडाळल्यावर त्याचं ते एकदम गप्प होणं. थोरलीला पावडरचा डबा नाहीतर टोपडं हातात धरून उभं कर, म्हणजे तीही त्यात आली. बाकीची कामं बिनधास्त वाईट कर. दुपट्यांच्या घड्या तर घालूच नकोस, टोपलीत कोंब. चार दिवस सलग वरण-भात झाला म्हणून कोणाचं काही बिघडत नाही. सासूबाईंना हे पटणार नाही कदाचित; त्यांना सांग की डॉक्टरांनी सांगितलंय. (डॉक्टरही हेच सांगतील, तेव्हा खोटं धरू नये.)

थोरलीकडे मात्र नीट बघायला हवं. तिचं म्हणणं किती सरळ आहे बघ. बाळ दवाखान्यातून आणलं, घरात त्रास सुरू झाला, तर जिथून आणलं तिथे परत करावं. दुकानातून आणलेली खराब वस्तू आपणही परत करतो. त्यावर ‘असं बोलू नये, भाऊ आहे तुझा’ असं सांगण्यात अर्थ नाही, पावणेतीन वर्षांच्या मुलीला ते व्याख्यान कळत नाही. “फार त्रास देतो ना तुला हा? मलाही देतो कधीकधी,” एवढं म्हण आणि तिला जवळ घे. ती भावावर रागावलेली कमी आणि तू वाटली गेलीस म्हणून हिरमुसलेली जास्त आहे.

रोज पंधरा मिनिटं फक्त तिची. तेवढा वेळ धाकटा सासूबाईंच्या मांडीवर. बसून मांडी द्यायला गुडघे आड येत नाहीत. या पंधरा मिनिटांत तिला काही शिकवू नकोस, रंग ओळख नको, ए-बी-सी-डी नको. तिला खरं काम दे. मेथी निवडायला बसव, मटार सोलायला दे, कांदे-बटाटे वेगळे करायला सांग. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बालवाडीचं काम केलं, तेव्हा महागड्या विकतच्या साधनांऐवजी पानं, बिया, शंख-शिंपले असं भोवतालचं सामान मुलांच्या हातात दिलं होतं. तुझ्या स्वयंपाकघरात ते सगळं आहे. अर्धी मेथी जमिनीवर जाईल, जाऊ दे, नाहीतरी तू शितं वेचतच असतेस.

आणि एक गोष्ट ऐकून तुला वाईट वाटेल की हायसं वाटेल, मला सांगता येत नाही. मोठ्या माणसांच्या पहिल्या आठवणी साधारण तीन-साडेतीन वर्षांपासूनच्या असतात. म्हणजे धाकट्याला यातलं काहीच आठवणार नाही आणि थोरलीला फार तर एखादा तुकडा. तू परवा ओरडलीस, ते तिच्या लक्षात राहण्याची शक्यता जवळजवळ नाही. रोज जवळ घेतलं जातं, रडलं की कोणीतरी येतं, या सवयीचा भरवसा मात्र तिच्या अंगात मुरतो, आणि तो तू आधीच देते आहेस, घड्याळाकडे बघत का होईना.

झोपेचं बोलू, कारण माझा खरा संशय तिथे आहे. न झोपलेल्या माणसाला श्रीखंडही पाणचट लागतं. नवरा साडेबाराला घरी येतो, म्हणजे त्यानंतरचं एक दूध त्याने पाजायला हरकत नाही. दिवसा दूध काढून फ्रिजमध्ये ठेव, चोवीस तास चांगलं राहतं. कोमट पाण्यात वाटी ठेवून गरम करायचं, थेट गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये नाही. तू साडेनऊ-दहाला झोपलीस तर मधे एकदा धाकट्याला पाजावं लागलं तरी साडेबारानंतर चार-साडेचार तास सलग मिळतील. दार लावून झोप. तो दमून येतो हे मला मान्य आहे. पण त्याची पाळी आठ तासांची आहे आणि तुझी संपतच नाही. सकाळी तो घरात असतो, तेव्हा तासभर थोरलीला घेऊन खाली जाऊ दे. दूध आणायला जातोय म्हणून एकटा निघाला तर तिला सोबत लाव.

हे सगळं करूनही दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर मला पुन्हा पत्र लिहू नकोस, डॉक्टरकडे जा. बाळ झोपलंय, घर शांत आहे, तरी तुला झोप लागत नाही. पूर्वी आवडायचं ते काहीच आवडत नाही. जेवण जात नाही. मुलांना माझ्याशिवाय बरं पडेल असं वाटतं. यातलं काहीही असेल तर थांबायचं नाही. आणि स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचा विचार मनात आला तर त्याच दिवशी जायचं. बाळंतपणानंतरचं नैराश्य पहिल्या वर्षभरात कधीही येऊ शकतं, साडेचार महिने झाले म्हणून धोका टळला असं नाही. डॉक्टर दहा प्रश्न विचारून अंदाज घेतात. ती एडिनबर्गची प्रश्नावली १९८७ पासून जगभर वापरात आहे. अंगावर पाजत असतानाही चालतील असे उपचार आहेत. रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलं तर केंद्र सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाणीचा क्रमांक १४४१६, फुकट आहे आणि चोवीस तास चालू असतो. तू पत्रात रडण्याचं लिहिलंस म्हणून हे सांगतेय, घाबरवायला नाही.

आता रजा. पाच आठवड्यांनी तू कामावर जाशील तेव्हा धाकटा साडेपाच महिन्यांच्या थोडा पुढे गेलेला असेल, आणि वरचं खाणं सहा महिने पुरे झाल्यावर सुरू करायचं असतं. (सहावा लागला म्हणून सासूबाई उष्टावणाची तारीख काढतील. सहावा लागणं वेगळं, पुरा होणं वेगळं. विधीला बोटभर खीर ओठांना लावून द्या, पोटभर खिमट नंतर.) म्हणजे मधले दीड-दोन आठवडे तुला कामावर असताना काढून ठेवलेल्या दुधावर त्याला राखायचं आहे. वाटी-चमच्याने पिण्याची सवय आत्तापासून लाव, शेवटच्या दिवशी नाही, आणि सासूबाईंच्या हातून.

बिनपगारी रजा अपराधी वाटतं म्हणून घेणार असशील तर घेऊ नकोस. ते वाटणं महिनाभराने तिथेच असेल, आणि पगारही नसेल. दुधाची सोय लागत नाही म्हणून दोन-तीन आठवडे हवे असतील तर जरूर माग. पण त्याआधी जे हक्काचं आहे ते घे. मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत कामाच्या वेळेत पाजण्यासाठी रोजच्या विश्रांतीखेरीज दिवसाला आणखी दोन मधल्या सुट्या मिळतात. पाळणाघर नसेल तर त्या दूध काढायला वापर आणि तसं आधीच ठरवून घे. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने रजेचे २६ आठवडे मिळाले, त्याच दुरुस्तीत पन्नास किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करायला सांगितलंय आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता येतं. कामाचं स्वरूप तसं असेल तर रजेनंतर काही काळ घरून काम करण्याचीही तरतूद आहे, मालक आणि तू मिळून ठरवाल तशी. तुमच्याकडे किती माणसं आहेत ते तू लिहिलं नाहीस, पण पगारपत्रक तूच बनवत असशील. अकाउंट्सचं काम आठवड्यातून दोन दिवस घरून होण्यासारखं आहे. साहेबांना जाता जाता विचारू नकोस, ते ‘बघू’ म्हणतील. अर्ज लेखी दे, रजा संपण्याच्या तीन आठवडे आधी, आणि पोच घे.