.३०८ रायफलमधून एल्कसाठी १३० ग्रेनची हलकी गोळी चालेल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही कोलोरॅडोत राहता, यंदा एल्क या मोठ्या हरणाच्या मादीच्या शिकारीचा परवाना (टॅग) लागलाय आणि रायफल .३०८ विंचेस्टर आहे. १८० ग्रेनच्या गोळीचा (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) धक्का खांद्याला सोसत नाही. दुकानात १३० ग्रेनची तांब्याची गोळी सुचवली, पण सोबत येणारे जुने शिकारी म्हणतात की एवढ्या हलक्या गोळीने एल्क नुसता जखमी होईल.

माझं उत्तर: बिनधास्त घ्या, पण दोन अटींवर. गोळी अख्खी तांब्याचीच हवी, आणि ३०० यार्डांपलीकडे चाप ओढायचा नाही. त्याच वजनाची, आत शिसं आणि वर धातूचं पातळ आवरण (जॅकेट) असलेली साधी गोळी एल्कसाठी अजिबात नको.

तुमच्या सोबत्यांचं म्हणणं उगीच नाही, हे आधी सांगतो. एल्कची मादी सव्वादोनशे किलोच्या घरात जाते, नर सव्वातीनशेच्या. आपल्याकडचा मोठा सांबर डोळ्यांपुढे आणा. शिशाची हलकी गोळी वेगात जाऊन अशा जनावराच्या खांद्याच्या हाडावर बसली की जॅकेट फाटतं, शिसं विखुरतं आणि जखम वरच्या मांसातच राहते. जनावर निघून जातं आणि कुठेतरी झाडीत हाल हाल होऊन मरतं. १९४६ साली ब्रिटिश कोलंबियात जॉन नोस्लर या अमेरिकी शिकाऱ्याच्या गोळ्या चिखलाने माखलेल्या मूसच्या (एल्कहूनही मोठ्या हरणाच्या) अंगात पुरेशा खोल गेल्या नाहीत. त्यातूनच मधे आडवी भिंत असलेली ‘पार्टिशन’ गोळी जन्मली आणि १९४८ मध्ये बाजारात आली. बाकीच्यांकडे सोपा उपाय होता, वजन वाढवणं. निम्मं शिसं वाटेत झडलं तरी उरलेलं निम्मं आत जाईल, हा हिशेब. ‘१८०च्या खाली जायचं नाही’ हा नियम त्या काळातल्या गोळ्यांचा आहे आणि त्या गोळ्यांपुरता तो खराच आहे.

तांब्याने हा हिशेब बदलला. बार्न्स या गोळ्या बनवणाऱ्या कंपनीच्या रँडी ब्रूक्स यांनी १९८९ मध्ये आणलेल्या ‘एक्स’ गोळीत शिसं नव्हतंच. टोकाला पोकळी असते. आत शिरताना ती उघडते, चार पाकळ्या मागे वळतात आणि मागचा दांडा तसाच पुढे जातो. बहुतेक वेळा ती आरपार निघून जाते. कधी सोलताना पलीकडच्या कातडीखाली बोटाला काहीतरी टणक लागतं आणि तीच गोळी हातात येते: पाकळ्या उमललेल्या, कडा धारदार, तराजूवर टाकली तर वजन जवळजवळ पहिल्याइतकंच. मांसात शिशाचे कण राहत नाहीत, हा घरी मुलाबाळांना ते खाऊ घालणाऱ्यांसाठी मोठाच फायदा. कॅलिफोर्नियात तर १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाच्या गोळ्या वापरताच येत नाहीत.

आता ज्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही ते. तांब्याची गोळी उघडायला वेग लागतो. आदळताना तो सेकंदाला साधारण १८०० ते २००० फुटांच्या वर हवा. १३० ग्रेनची गोळी .३०८ मधून ३१०० फुटांच्या आसपास निघते आणि ३०० यार्डांवर तिच्यात २३०० फुटांहून जास्त वेग शिल्लक असतो. १८० ग्रेनची निघतेच २६०० ने आणि त्याच अंतरावर दोन हजार ते बावीसशेवर येते, म्हणजे काठावर. शिवाय तांबं शिशापेक्षा हलकं असल्याने त्याच वजनाची गोळी लांब होते, काडतुसात जागा खाते, आणि नळीतल्या, गोळीला फिरवणाऱ्या खाचांचा पीळ १२ इंचांना एक फेरा असा मंद असेल तर नीट स्थिरावेलच असं नाही. म्हणून .३०८ मध्ये तांबं घ्यायचं तर हलकंच घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. नळीच्या तोंडाशी १३० आणि १८० दोन्हींची ऊर्जा २७०० फूट-पौंडांच्या आसपास, जवळजवळ सारखीच.

हलक्या गोळीच्या उणिवाही खऱ्या आहेत. वारा तिला जास्त ढकलतो. आणि जनावर पाठमोरं, तिरपं उभं असेल तर पुठ्ठ्याकडून छातीपर्यंत पोचायचं काम तिच्यावर टाकू नका. जनावर आडवं व्हायची वाट बघा, नाही झालं तर सोडून द्या.

कॅम्पमध्ये कुणीतरी करामोजो बेल या जुन्या हत्ती-शिकाऱ्याचं नाव काढेलच. त्याने ७ मिलिमीटरच्या रायफलने शेकडो हत्ती मारले, मग तुम्हाला कसली काळजी, वगैरे. त्याची गोळी १७३ ग्रेनची होती, न उघडणारी आणि त्या नळीसाठी चांगलीच जड. तुमच्या प्रश्नाशी तिचा संबंध नाही.

कायद्याचं म्हणाल तर कोलोरॅडोत एल्कसाठी किमान ८५ ग्रेनची उघडणारी गोळी आणि १०० यार्डांवर १००० फूट-पौंड ऊर्जा लागते, तेव्हा तुम्ही नियमात सहज बसता. स्वीडनमध्ये मात्र हीच गोळी मूसला चालली नसती. तिथे किमान ९ ग्रॅम लागतात, तुमची आहे ८.४ ग्रॅमची. तेवढ्यासाठी मन खात असेल तर तांब्यातच १५० ग्रेन घ्या. धक्का थोडा वाढेल, पण १८० इतका नाही.

आणि धक्क्याची गोष्ट संकोचाने सांगण्यासारखी मुळीच नाही. धक्क्याच्या धास्तीने चाप ओढताना खांदा आखडला की गोळी पोटात जाते, आणि पोटात लागलेल्या एल्कचे हाल कुठलीच जड गोळी वाचवत नाही. ज्या गोळ्या नेणार त्याच आतापासून रेंजवर वापरा; दुसऱ्या गोळीवर लावलेलं झिरो (स्कोपच्या नेमाची जुळवणी) इथे जुळणार नाही. टेबलावरून थोडं, मग बसून आणि गुडघ्यावरून भरपूर. नेम पुढच्या पायाच्या रेषेत, छातीच्या खालून एक तृतीयांश उंचीवर. तांब्याची जखम अरुंद असल्याने गोळी बरोबर बसूनही एल्क काही क्षण उभाच राहू शकतो. तेव्हा स्कोपमधून नजर न काढता बोल्ट ओढून पुढचं काडतूस भरा, आणि तो उभा असेल तोवर दुसरी गोळी घाला.