यूकेत केअरची नोकरी सांभाळून असिस्टंट प्रॅक्टिशनर होता येतं का?

ताई, होता येतं. असिस्टंट प्रॅक्टिशनर म्हणजे हेल्थकेअर असिस्टंटच्या वरची आणि नोंदणीकृत नर्सच्या खालची जागा. तुम्ही लिहिलंय की भारतातली बी.ए. आहे, दोन वर्षं केअर होममध्ये काम करताय, मुलं लहान आहेत आणि नोकरी सोडणं परवडणार नाही. यातलं काहीच आड येत नाही. मी सातारा जिल्ह्यातली, बी.कॉम. झालेली. इथे इंग्लंडात एका हॉस्पिटलच्या वृद्धांच्या वॉर्डात हेल्थकेअर असिस्टंट म्हणून लागले आणि तिथेच काम करत शिकले.

फक्त सुरुवात कॉलेज शोधण्यापासून करू नका. मी तीन महिने वेबसाइट चाळण्यात घालवले. नंतर कळलं की हा अभ्यास बहुतेक जणी अप्रेंटिसशिपमधून करतात, आणि तिथे आधी मालक तयार व्हावा लागतो, मग विद्यापीठ. फी तुम्हाला भरावी लागत नाही, पगार चालू राहतो. लेव्हल ५ चा अभ्यासक्रम असतो, साधारण दीड ते दोन वर्षांचा. बऱ्याच ठिकाणी त्यातच फाउंडेशन डिग्री मिळते, म्हणजे २४० क्रेडिट, पदवीची पहिली दोन वर्षं धरा. आपल्याकडे अप्रेंटिस म्हटलं की आयटीआयची पोरं डोळ्यांसमोर येतात. इथे वयाची वरची अट नाही. माझ्या वर्गात पन्नाशी ओलांडलेल्या दोघी होत्या आणि सगळ्यात चांगल्या असाइनमेंट त्यांच्याच असायच्या.

तुमचा व्हिसा कुठला ते लिहिलं नाहीत. सरकारी पैशातून अप्रेंटिसशिप करायची तर इंग्लंडमध्ये काम करण्याचा हक्क लागतोच, शिवाय साधारणपणे आधीची ३ वर्षं इथलं वास्तव्य लागतं. हे सगळ्यात आधी तपासा. दुसरं म्हणजे या जागा जास्त करून हॉस्पिटलात आणि कम्युनिटी टीममध्ये असतात. तुमच्या केअर होममध्ये तशी सोय नसेल, तर एनएचएस जॉब्सवर (इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या नोकऱ्यांच्या वेबसाइटवर) हेल्थकेअर असिस्टंटची जागा बघून आधी तिकडे जा. दोन वर्षांचा अनुभव आणि केअर सर्टिफिकेट (केअरच्या कामाचं पायाभूत प्रशिक्षण झाल्याचं प्रमाणपत्र) हाताशी असलं तर मुलाखतीत बोलायला भरपूर असतं.

अभ्यासाला वेळ मिळतो का? नियम सांगतो की प्रशिक्षणाचे किमान तास मिळालेच पाहिजेत (२०२५ पर्यंत ते आठवड्याला किमान ६ होते), आणि तेही पगारी वेळेतले. माझ्या पहिल्या चार महिन्यांत स्टाफ कमी म्हणून स्टडी डे तीनदा रद्द झाला. मी गप्प बसले, घरी रात्री जागून भरून काढलं. ती चूक होती. शेवटी विद्यापीठातल्या ट्यूटरना आणि वॉर्ड मॅनेजरना एकत्र बसवलं, आणि दर मंगळवार रोटामध्ये, म्हणजे ड्यूटीच्या वेळापत्रकात, माझ्या नावापुढे लिहून घेतला. त्यानंतर एकदाही गेला नाही. तुम्ही हे पहिल्याच आठवड्यात करा. आपण बायका ‘असू दे, मी करते मॅनेज’ म्हणायला फार पटकन तयार होतो.

आता खरं अवघड काय ते सांगते. इंग्रजी नाही, गणितही नाही. अवघड आहे ते स्वतःच्या कामाबद्दल लिहिणं. आपण शाळेपासून पुस्तकातलं उत्तर पाठ करून लिहिलं. इथे विचारतात, तू काय केलंस, का केलंस, पुराव्याला काय आहे?

एक प्रसंग सांगते. एका आजोबांचे ऑब्स, म्हणजे नाडी, रक्तदाब, श्वास वगैरेची मोजमापं, घेत होते. आधीच्या प्रत्येक नोंदीत श्वासाचा दर १६ किंवा १८. मला छाती जास्त वेगानं हलताना दिसली, म्हणून घड्याळ धरून पूर्ण एक मिनिट मोजलं. २६ आला. न्यूज-२ च्या तक्त्यात (पेशंटची तब्येत बिघडतेय का ते गुणांवरून ओळखतात तो) श्वास २५ किंवा वर गेला की एकट्या त्याचेच ३ गुण होतात आणि पेशंटला तातडीनं बघावं लागतं. नर्सला सांगितलं, डॉक्टर आले, छातीत इन्फेक्शन निघालं. यावर पहिल्या असाइनमेंटमध्ये मी श्वसनसंस्थेचं दीड पान वर्णन लिहिलं. ट्यूटरनी समासात एवढंच लिहिलं होतं की यात तू कुठे दिसत नाहीस. मग पुन्हा लिहिलं: पूर्ण मिनिट का मोजलं, आधीच्या आकड्यांवर विश्वास का बसला नाही, आणि नर्स औषधं वाटत होती म्हणून मी पाच मिनिटं का थांबले. ती पाच मिनिटं लिहिताना हात थरथरला. पण त्या दिवसापासून मी कुणालाही मध्येच थांबवून सांगते.

म्हणून आत्तापासूनच एक वही ठेवा. शिफ्ट संपल्यावर चार ओळी, मराठीत लिहिल्या तरी चालतील. पेशंटचं नाव मात्र कुठेही लिहू नका.

आणखी एक गोष्ट नीट समजून घ्या. असिस्टंट प्रॅक्टिशनर एनएचएसच्या पगारश्रेणीत साधारण बँड ४ वर असतो आणि नोंदणीकृत नसतो. नर्स किंवा थेरपिस्ट जे काम सोपवतात तेच आपण करतो. नर्सिंग असोसिएटही बँड ४, पण त्यांची २०१९ पासून नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलकडे नोंदणी होते, आणि तिथून पुढे नर्स होण्याचा रस्ता सरळ आहे. तुमच्या मनात शेवटी नर्स व्हायचं असेल, तर माझं मत विचाराल तर नर्सिंग असोसिएटच बघा. फिजिओ, ऑक्युपेशनल थेरपी, एक्स-रे असल्या विभागांची ओढ असेल तर असिस्टंट प्रॅक्टिशनरचा मार्ग चांगला. मला पेशंटला पुन्हा उभं करण्याचं, चालवण्याचं काम आवडतं, म्हणून मी इथे रमले.

इंग्रजी-गणिताच्या लेव्हल २ च्या (साधारण आपल्या दहावीच्या पातळीच्या) अटी मालकागणिक आणि विद्यापीठागणिक वेगळ्या असतात. दहावी-बारावीची प्रमाणपत्रं यूके एनिककडून (परदेशी प्रमाणपत्रं इथल्या कुठल्या पातळीची ते सांगणाऱ्या संस्थेकडून) पडताळून ठेवा, ऐनवेळी धावपळ नको.

उद्या शिफ्टला गेलात की मॅनेजरना विचारा: इथून लेव्हल ५ ला कुणाला पाठवता का, आणि स्टडी डे रोटामध्ये लिहून देता का? उत्तर काय मिळतं ते आणि तुमचा व्हिसा कुठला ते खाली लिहा, मग पुढचं सविस्तर सांगते.