पालकावरचे ठिपके आणि मुरघासातला पिवळा धूर

प्रश्न : आरेतला आमचा पालक वरून पांढुरक्या ठिपक्यांचा होतोय. शेजारी लिंक रोड आहे. गाड्यांच्या धुरातल्या नायट्रोजन डायऑक्साइडने पान जळतं का?

उत्तर : थेट जळत नाही, ताई. इंजिनाच्या उष्णतेत हवेतलाच नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन हा वायू बनतो. डिझेलचे ट्रक, जनरेटर, ट्रॉम्ब्याचं वीज केंद्र, सगळीकडे हेच. आपल्याकडे वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली १० सांगितली. पान करपायला याच्या कितीतरी पट लागतो.

पण उन्हात यातूनच ओझोन तयार होतो आणि पालक त्याला नाजूक. गंमत अशी, की रस्त्याच्या अगदी कडेला ताजा धूर ओझोन खाऊन टाकतो. म्हणून ठिपके आतल्या मोकळ्या वाफ्यात जास्त असतील, तर संशय ओझोनवर घ्या.

आधी पान हातात घ्या. तांबड्या कडेचे गोल डाग असतील तर बुरशी, वाकड्यातिकड्या रेघा असतील तर नागअळी. शिरांच्या मधे, फक्त वरच्या बाजूला, जुन्या पानांवर बारीक ठिपके असतील तरच ओझोन. त्यावर औषध नाही. दुकानदाराने बुरशीनाशक पुढे केलं तरी पैसे घालवू नका.

काळजी पानापेक्षा तुमच्या छातीची. नायट्रोजन डायऑक्साइडने दमा बळावतो आणि तोंडाचा रुमाल वायू अडवत नाही. रस्त्याकडची खुरपणी वर्दळ सुरू होण्याआधी उरका.

प्रश्न : गोरेगावच्या तबेल्यात मुरघासाचा, म्हणजे आंबवायच्या हिरव्या मक्याचा, खड्डा भरला. दुसऱ्या दिवशी तळाशी पिवळसर-तांबूस धूर, ब्लीचिंग पावडरसारखा वास. काय करू?

उत्तर : लांब व्हा. हा तोच नायट्रोजन डायऑक्साइड, पण इथे जीवघेणा. युरिया जास्त पडलेल्या किंवा पाण्याचा ताण बसलेल्या मक्यात नायट्रेट साठतं आणि आंबताना वायू सुटतो. हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी बसतो. पहिले तीन दिवस जोर असतो, तीन आठवडे जपा. माणसं आणि म्हशी दोन्ही दूर ठेवा.

कुणाच्या नाकात गेला असेल तर बरं वाटत असलं तरी लगेच रुग्णालयात न्या. फुप्फुसात पाणी काही तासांनी भरतं. आणि कुणी आत कोसळलंच, तर वाचवायला मागोमाग उतरू नका, १०१ लावा.