आधी खुर्ची, मग बाग

‘मावशी, माझं वजन किती आहे ते मलाच माहीत नाही. दोन वर्षांपूर्वी दवाखान्यात १३८ भरलं होतं. आता घरच्या काट्यावर नुसता एरर येतो.’

नागपूरच्या वासुदेवनगरहून आलेलं हे पत्र असं सुरू होतं. लिहिणारी ४६ वर्षांची. घरीच ब्लाऊज शिवते. घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दोन्ही गुडघ्यांची झीज झालेली, शुगरची गोळी, बीपीची गोळी. भाच्याने हौसेने जिमची वर्षाची फी भरली. ही दुसऱ्याच दिवशी सुजलेले गुडघे घेऊन घरी. मग पहाटे अंबाझरी तलावाजवळच्या बागेत चालायला गेली. तिथे दोन पोरांनी मोबाईल धरला आणि म्हणाले, ‘बघ बे, काकू काय करून राहिल्या.’ त्यानंतर डॉक्टरकडे जाण्यापुरतीच ती जिना उतरली आहे. नवरा रोज म्हणतो, मनावर घे. माहेर इतवारीत, आणि तीन वर्षं झाली, तिथली मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक पाहिलेली नाही. शेवटी विचारते, ‘चालायला सुरुवात कशी करू? आणि लोकांसमोर जाऊ कशी?’

बाई गं, चालायला सुरुवात करूच नकोस. निदान आत्ता नको.

तुला जो भेटतो तो ‘रोज चालत जा’ म्हणतो, कारण त्याला स्वतःला चालणं सोपं जातं. गुडघ्याचं गणित मात्र वेगळं आहे. अंगावरचा एक किलो कमी झाला की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी उतरतो. हेच उलट बाजूने मोजून बघ, म्हणजे अंबाझरीच्या एका फेरीत तुझ्या गुडघ्यांनी काय सोसलं ते कळेल. वर मांडीचे स्नायू बसून बसून दुबळे झालेले. गुडघा सांभाळण्याचं काम त्यांचं. त्यांनी हात वर केले की सगळा मार सांध्यावर येतो. त्यात मनावर घेण्या-न घेण्याचा काही संबंध नाही. आधी मांडीत जोर आणायचा, मग चालणं. आणि तो जोर खुर्चीत बसूनही येतो.

त्याआधी एकदा डॉक्टर. तुला सांगितलं गेलं, ‘आधी वजन कमी करा, मग बघू.’ या वेळी तू प्रश्न लिहून ने. माझ्या शुगरच्या गोळीने व्यायामानंतर साखर खाली जाऊ शकते का? बीपी आणि हृदय पाहता कितपत जोर करू? मी रात्री मोठ्याने घोरते आणि दुपारी पेंगते, याची तपासणी करायची का? (पत्रात तू हे ओझरतं लिहिलंस. झोपेत श्वास अडकण्याचा त्रास जाड माणसांत बराच असतो, आणि त्यावर उपचार आहेत.) थायरॉईड शेवटचा कधी बघितला? आणि सरळ म्हण, मला व्यायाम दाखवणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे चिठ्ठी द्या. मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, फिजिओथेरपीचा विभाग आहे. जिना नकोच वाटत असेल तर घरी येणारे फिजिओही नागपुरात मिळतात. पहिल्या दोन-चार वेळा कोणीतरी जाणतं समोर उभं असलेलं बरं.

आता खुर्ची. अर्धं काम इथेच आहे, म्हणून जरा सावकाश वाच.

प्लास्टिकची खुर्ची अजिबात नको. तिचे पाय फरशीवर फाकतात आणि एक दिवस दगा देतात. लाकडी किंवा लोखंडी, दोन्ही बाजूंना हात असलेली, मजबूत खुर्ची घे आणि तिची पाठ भिंतीला टेकव. बसल्यावर गुडघे कमरेपेक्षा खाली राहिले पाहिजेत. राहत नसतील तर बसायच्या जागी घट्ट कापसाची गादी दुमडून टाक. फोमची नको, ती दबते. खालची फरशी कोरडी हवी. उन्हाळ्यात कूलरचं पाणी टपकून घरात कुठे कुठे ओल होते ते तुला ठाऊक आहे, त्या बाजूला खुर्ची ठेवू नकोस. पायात मागून पट्टा असलेली सँडल किंवा बूट, स्लीपर नाही.

उठायचं कसं ते बघ. आधी एकदा डावा, एकदा उजवा कुल्ला सरकवत खुर्चीच्या पुढच्या कडेपर्यंत सरक. पाय खांद्याइतके दूर ठेव आणि टाचा थोड्या मागे, गुडघ्यांच्या जरा आत घे. इथेच सगळे चुकतात. पाय पुढे पसरून कोणालाच उठता येत नाही, बारीक माणसालाही नाही. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर रोव, नाक पायाच्या बोटांच्या वर येईल इतकी पुढे वाक, आणि श्वास सोडत हातापायांनी मिळून उठ. श्वास कोंडायचा नाही, त्याने बीपी चढतो. उभी राहिलीस की दोन क्षण थांब. आता बस, पण धपकन नाही. मागच्या पिंढऱ्या खुर्चीला लागल्याची खात्री कर, हात मागे ने, आणि जितकी सावकाश बसता येईल तितकी बस. मांडीला खरी ताकद या सावकाश बसण्यातून येते.

सकाळी तीनदा, संध्याकाळी तीनदा. चौथ्यांदा जमत असलं तरी पहिला आठवडा तीनच. जिममध्ये काय झालं आठवतं ना? पहिल्या दिवशी हौस फिटली आणि पुढचे दिवस झोपून गेले. एवढंच कर की उद्या पुन्हा करता येईल. आठवडा नीट गेला तर एकाने वाढव. मग काही आठवड्यांनी ती गादी काढ. खुर्ची तेवढी खाली गेली, म्हणजे व्यायाम आपोआप वाढला.

उरलेलं बसूनच. पाय सरळ करून पाच मोजेपर्यंत हवेत धरायचा, मग दुसरा. पावलं वर-खाली हलवायची. त्याने पायावरची सूजही थोडी उतरते. बसल्या जागी एकेक गुडघा उचलून कवायत करायची. पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या हातात धरून हात वर न्यायचे. हे जमायला लागलं की स्वयंपाकाच्या ओट्याला धरून उभी राहा आणि टाचा उचल. तुझ्या धंद्याला एक जोड देते: एका ब्लाऊजची हुक-काजं झाली की मशीनवरून उठायचंच, स्वयंपाकघरापर्यंत जाऊन यायचं. मोबाईलवर पावलं मोजू नकोस. ब्लाऊज मोज.

तू कुठेतरी वाचलं आहेस की आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम हवा, आणि घाबरली आहेस. आकडा खोटा नाही, जागतिक आरोग्य संघटनेचा आहे. पण याच संघटनेने आधी घातलेली ‘सलग किमान १० मिनिटं’ ही अट २०२० च्या सूचनांतून काढून टाकली, हे कोणी सांगत नाही. तुझी सकाळची तीन मिनिटंही आता हिशेबात धरली जातात.

जोर किती करायचा? बोलता आलं पाहिजे, गाता आलं नाही तरी चालेल. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून आल्या, ठणकल्या, तर तो व्यायाम लागू पडतो आहे. पण सांध्यातलं दुखणं व्यायामानंतर दोन तासांहून जास्त टिकलं किंवा गुडघा सुजला, तर पुढच्या वेळी निम्मं कर. सोडू मात्र नकोस. छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, बसूनही न थांबणारी धाप, डोळ्यांपुढे अंधारी, यातलं काही झालं तर लगेच थांबायचं आणि दवाखाना गाठायचा. एकच पोटरी अचानक सुजली, गरम लागली, दुखली तर तिथे तेल चोळत बसायचं नाही. तेही त्याच दिवशी डॉक्टरला दाखवायचं. घाम फुटून हात थरथरले तर साखर खाली गेली असं समजून तीन चमचे साखर पाण्यात घालून पी.

वेळ सकाळचीच ठेव. वरच्या मजल्याचा स्लॅब मे महिन्यात रात्रभर भट्टीसारखा तापलेला असतो. सकाळी सातच्या आत जी काही गार हवा मिळेल तीच तुझी. पाणी जवळ ठेव.

काही गोष्टी तू लिहिल्या नाहीस, पण मला पत्रं येतात म्हणून माहीत आहेत. चालताना मांड्या एकमेकींवर घासतात आणि सालटं निघतात. आत गुडघ्यापर्यंतची सुती चड्डी घाल, घासणाऱ्या जागी पेट्रोलियम जेली लाव. लाल होऊन खाज सुटली असेल तर ती बहुधा बुरशी; मेडिकल स्टोअरवाला देतो ती स्टेरॉईड मिसळलेली ट्यूब लावू नकोस, त्याने चार दिवस बरं वाटतं आणि मग चट्टे दुप्पट होतात. उठताना थोडी लघवी होत असेल तर तेही या वयात अनेकींना होतं. तात्पुरता पॅड वापर आणि फिजिओबाईंना सांग, त्या स्नायूंचेही व्यायाम असतात. लाजून पाणी पिणं कमी करू नकोस.

मग जिना. चढताना त्यातल्या त्यात बरा पाय आधी वर, उतरताना जास्त दुखरा पाय आधी खाली, आणि दोन्ही पाय एका पायरीवर आल्याशिवाय पुढची पायरी नाही. एक हात कठड्यावर. पहिल्या दिवशी अर्धाच जिना, मधल्या वळणावर आधीच स्टूल ठेवून. उतरलेलं तेवढं परत चढायचं असतं, हे ध्यानात धरून उतर.

वजनाचं थोडक्यात सांगते. नुसत्या व्यायामाने काटा फारसा हलत नाही, म्हणून दर आठवड्याला दवाखान्याच्या मोठ्या काट्यावर जाऊन हिरमुसू नकोस. साखर, बीपी, झोप, उठबस, यांत फरक आधी दिसतो. खाण्याचं डॉक्टर आणि आहारतज्ज्ञाकडून ठरवून घे. रविवारची एक प्लेट तर्री-पोहे बंद करून कोणी बारीक झाल्याचं मी पाहिलेलं नाही. पण शुगरच्या गोळीवर असताना मनाने कडक उपास धरून चक्कर येऊन पडलेल्या बायका पाहिल्यात. आणि वजनावर आता इंजेक्शनं आहेत, शस्त्रक्रिया आहे. मला यातलं काही चालेल का, हे डॉक्टरला विचारायला लाजायचं कारण नाही. बीपीची गोळी घेताना आपण लाजतो का?

लोकांचं आता. त्या पोरांना धडा शिकवण्याची युक्ती माझ्याकडे नाही. बेशरम होती, एवढंच म्हणते. पण चालायला बागच हवी असा नियम कोणी केला? तुझ्या घराजवळ मेट्रोचं स्टेशन आहे. तिथे लिफ्ट आहे, फरशी सपाट आहे, टेकायला बाकं आहेत, आणि आलेला प्रत्येकजण गाडीच्या घाईत असतो. कोण कशी चालते हे बघायला कोणाला सवड नसते. जवळच्या स्टेशनचं तिकीट काढ, दुपारच्या कमी गर्दीत फलाटावर या टोकापासून त्या टोकापर्यंत जा, बस, परत ये. बागेत फिरणाऱ्या मंडळींपेक्षा मला हे लोक परवडतात.

आणि हीच अ‍ॅक्वा लाईनची मेट्रो गाडी न बदलता सीताबर्डीवरून पुढे चितारओळीला जाते, म्हणजे तुझ्या माहेराच्या तोंडाशी. मारबत पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. गर्दीत उतरायचं नाही. आदल्या दिवशीच माहेरी जाऊन बस आणि काळी आणि पिवळी, दोघी मारबती गॅलरीतून बघ. या वर्षी नाहीच जमलं तर मारबत काय, दरवर्षी निघते. पण खुर्ची याच आठवड्यात आण.

आता हा शेवटचा भाग नवऱ्याला वाचायला दे.

जावईबापू, ‘मनावर घे’ म्हणणं आजपासून बंद. तिने घेतलंय, म्हणून तर पत्र लिहिलं. तुमच्याकडे कामं वेगळी आहेत. खुर्ची तुम्ही आणायची, आणि आणण्याआधी स्वतः तिच्या हातांवर पूर्ण भार टाकून बघायची. सकाळी कूलरखालची फरशी पुसायची. ती उठत असताना तिला दंडाला धरून ओढायचं नाही; त्यात तिचा खांदा जातो आणि तुमची कंबर. जिन्यावर तिचा हात धरू नका, तिला कठडा धरू द्या. तोल गेला तर तुम्ही तिला सावरू शकणार नाही, दोघंही पडाल. तुम्ही फक्त स्टूल घेऊन पुढे जा, वळणावर ठेवा, आणि ती बसली की घाई करू नका. शेजारचं कोणी दार उघडून बघायला लागलं तर त्यांच्याशी पावसापाण्याचं बोला.