आजी नऊ तारखेला परत जाते आहे

अमेरिकेत नोकरी करणाऱ्या 29 वर्षांच्या एका मुलीचे पत्र आहे. ती लिहिते:

“ताई, इथल्या आमच्या गावच्या जुन्या जत्रेत यंदा आकाशपाळण्यावर एका जोडप्याचे लग्न लावणार आहेत आणि त्यासाठी आयोजकांनी आम्हाला निवडले आहे. खर्च सगळा त्यांचा. होणाऱ्या सासूबाई मात्र ‘लग्न आहे की तमाशा’ म्हणून रुसून बसल्या आहेत. आधी 2 ऑगस्ट ठरला होता, आता गर्दीचा शनिवार म्हणून 23 केला आहे. आजी 9 तारखेला साताऱ्याला परत जाते आहे, चुलतबहिणीचे बाळंतपण आहे, त्यामुळे ती फोनवरच पाहील. तिने आणलेल्या मुंडावळ्या मी लावणारच आहे. सासूबाईंची समजूत कशी घालू?”

तू मला ताई म्हटले आहेस, म्हणून एकेरीवरच येते. सासूबाईंचे आधी उरकून टाकू. जत्रेत लागलेले लग्न कमी प्रतीचे असते, असे मला वाटत नाही. न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात 25 ऑगस्ट 1940 रोजी एका जोडप्याने 250 फूट उंच पॅराशूटच्या मनोऱ्यावर लग्न केले. धर्मगुरू, करवली आणि वाजंत्रीसुद्धा हवेत टांगलेले होते आणि वधूवरांच्या शपथा पुऱ्या होईपर्यंत वऱ्हाड तसेच लोंबकळत राहिले. आपल्याकडे तरी लग्न एकांतात कुठे लागते? मंगल कार्यालयात अक्षता टाकणाऱ्यांपैकी निम्म्यांना वधूचे नाव पत्रिकेत वाचून कळलेले असते. हे सासूबाईंना सांग. पटले नाही तरी त्या लग्नाला येतील, कारण त्यांच्या परतीच्या विमानाचे तिकीट कोणी काढलेले नाही.

मला खटकले ते निराळेच. “आजी फोनवरच पाहील” हे तू एका स्वल्पविरामानंतर, हॉटेलची खोली बदलल्याचे कळवावे तशा सुरात लिहिले आहेस. त्याच्या आधीचे वाक्य पुन्हा वाच: “आता 23 केला आहे.” कोणी केला? त्या वाक्यातला कर्ता तू गाळला आहेस, आणि तो का गाळला आहेस हे तुला ठाऊक आहे. आयोजकांनी गर्दीचा हिशेब मांडला आणि तू मान डोलावलीस. सासूबाईंच्या रुसव्यावर एवढे लिहितेस, मग आजीचे काय म्हणणे आहे, याबद्दल एक अक्षरही कसे नाही? तिला विचारलेस तरी का?

तमाशावरच ज्यांचे पोट होते, त्यांची गोष्ट ऐक. जेमतेम तीन फूट उंचीचा चार्ल्स स्ट्रॅटन लहानपणापासून बार्नम नावाच्या अमेरिकन खेळवाल्याच्या खेळात ‘जनरल टॉम थंब’ म्हणून लोकांसमोर उभा राहत असे. त्याचे त्याच्यासारख्याच बुटक्या लाव्हिनिया वॉरनशी लग्न ठरले, तेव्हा तिला पाहायला बार्नमच्या संग्रहालयात लोटणारी गर्दी इतकी होती, की लग्न महिनाभर पुढे ढकलून प्रयोग चालू ठेवा, मी 15,000 डॉलर देतो, असे बार्नमने त्यांना सांगितले. पन्नास हजार दिले तरी नाही, असे स्ट्रॅटन उसळून म्हणाला, आणि लाव्हिनियाने, लाख तरी म्हणायचे होतेस, असे त्यालाच सुनावले. हे खुद्द बार्नमने लिहून ठेवले आहे. 10 फेब्रुवारी 1863 रोजी न्यूयॉर्कच्या ग्रेस चर्चमध्ये त्यांचे लग्न लागले. ज्यांचे सगळे आयुष्य तिकिटावर विकले जात होते, त्यांनी तारीख तेवढी विकली नाही. तुला तर कोणी पंधरा डॉलरही देऊ केलेले नाहीत, फक्त मंडपाचा आणि जेवणाचा खर्च वाचतो आहे.

गर्दीच्या सोयीने निघणारी वरातही असते. शिकागोच्या 1893 च्या प्रदर्शनात ‘कैरोचा रस्ता’ म्हणून एक भाग उभारला होता, तिथे उंटांसह लग्नाची वरात रोज निघत असे. ती केव्हाही काढता येई, कारण त्या वरातीत कोणाचेच लग्न नव्हते. त्याच प्रदर्शनात 264 फूट उंचीचा पहिला फेरिस पाळणा फिरत होता. त्याच्या टोकावर लग्न लावू द्या म्हणून अर्ज आले, आणि चालकांनी ते फेटाळले. तरीही ज्या दोन जोडप्यांनी आमंत्रणे आधीच धाडली होती, त्यांची लग्ने व्यवस्थापकाने आपल्या कचेरीत लावू दिली. पाळणा मिळाला नाही, तारीख मात्र राहिली. मला त्या व्यवस्थापकाचे कौतुक वाटते.

म्हणून तू उद्या सकाळी आयोजकांना फोन कर आणि लग्न 2 ऑगस्टलाच लागेल असे सांग. विनंती करू नकोस, कळव. पाळण्यावर लावायचे असेल तर त्या दिवशी लावा, नाहीतर दुसरे जोडपे शोधा, एवढेच बोल आणि फोन ठेव. होणाऱ्या नवऱ्याला ही गोष्ट फोन करण्याआधी सांग. तो कुरकुरला, तर मुंडावळ्या त्याच्या हातात दे आणि डोक्यामागे त्यांची गाठ कशी मारतात ते करून दाखवायला सांग. ते दोरे कानामागून फिरवून केसांत न अडकवता बांधायला सवयीचे हात लागतात, आणि तुझ्या घरात ती सवय एकाच बाईला आहे.

एक धोका आहे. हे कानावर गेले की आजी स्वतःच म्हणेल, “अगं, मी तिकीट पुढे ढकलते, त्यात काय एवढे?” तिला ते करू देऊ नकोस. तिकडे साताऱ्यात दुसरी नात दिवस मोजते आहे, आणि तिची तारीख कोणत्याही जत्रेच्या सोयीने सरकणारी नाही.